डेटा सेंटरला जागा लागते, डेटा वेअरहाऊसला शिस्त

मावळात वेअरहाऊस म्हटलं की डोळ्यांसमोर पत्र्याचं उंच गोदाम येतं. तळेगाव-चाकण पट्ट्यात अशी गोदामं इतकी झाली आहेत की ‘डेटा वेअरहाऊस’ ऐकल्यावर तेही कुणाच्या तरी शेतात उभं राहणार, असं वाटणं साहजिक आहे. दुसरीकडे डेटा सेंटरच्या बातम्या वरचेवर छापून येतात. दोन्हींत ‘डेटा’ असल्यामुळे बोलताना एकाच्या जागी दुसरं सहज येतं. गप्पांत त्याने काही बिघडत नाही. पण जमिनीचा व्यवहार करताना, मुलीला कोर्सला घालताना किंवा आपल्या वर्कशॉपसाठी सॉफ्टवेअर घेताना ही गल्लत खिशाला लागते. कान्हे, टाकवे, नायगाव, कामशेत या भागातल्या वाचकांनी तरी ती टाळावी, म्हणून हा लेख.

डेटा सेंटर ही इमारत आहे. तिला पत्ता असतो, विजेचं मीटर असतं, फाटकावर पहारेकरी असतो. डेटा वेअरहाऊस ही माहितीची मांडणी आहे. वेगवेगळ्या वह्यांतून, मशीनांतून, सॉफ्टवेअरमधून आलेली माहिती एकसारखी करून, जुनी न पुसता, प्रश्न विचारता येतील अशा रीतीने ठेवलेली. ही मांडणी शेवटी कुठल्यातरी संगणकावरच राहते आणि तो संगणक बहुधा एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो. दोघांचा संबंध एवढाच. मोठं डेटा सेंटर असूनही त्यात एकही वेअरहाऊस नसेल असं होऊ शकतं, आणि एका छोट्या कारखान्याचं चांगलं वेअरहाऊस ऑफिसातल्या एका साध्या संगणकावरही चालू शकतं.

आधी इमारतीबद्दल. डेटा सेंटरच्या आत लोखंडी रॅकच्या रांगा असतात आणि त्यांत सर्व्हर, साठवणुकीची यंत्रं, नेटवर्कची उपकरणं बसवलेली असतात. बाहेरच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर, डिझेल जनरेटर आणि थंडाव्याची यंत्रणा. वीज गेली की जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंतचा मधला वेळ यूपीएसच्या बॅटऱ्या सांभाळतात. सर्व्हर जेवढी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी उष्णता होते, त्यामुळे ती उष्णता सतत बाहेर काढणं हे तिथलं दुसरं मोठं काम. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावी, अशी अॅशरे या अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. वीज कुठे किती खर्च होते हे पाहण्यासाठी पीयूई नावाचा आकडा वापरतात. तो १.५ असेल तर सर्व्हरला एक युनिट मिळावं म्हणून इमारत एकूण दीड युनिट वीज घेते. वरचं अर्धं युनिट मुख्यतः थंडाव्यात जातं.

इमारत किती भरवशाची, यासाठी अपटाइम इन्स्टिट्यूटच्या चार श्रेणी प्रचलित आहेत. तिसऱ्या श्रेणीत कुठलाही एक भाग देखभालीसाठी बंद केला तरी सर्व्हर चालू राहायला हवेत. चौथ्या श्रेणीत अचानक एखादा बिघाड झाला तरी काम थांबता कामा नये. तिसऱ्या श्रेणीला ९९.९८२ टक्के उपलब्धता धरतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे दीड तास खंड. चौथ्या श्रेणीला ९९.९९५ टक्के, म्हणजे सुमारे २६ मिनिटं. या आकड्यांमागचा सगळा खर्च वीज, तांबं, डिझेल आणि थंडावा यांचा आहे. आतल्या माहितीला काही अर्थ आहे का, ती बरोबर आहे का, हे डेटा सेंटर बघत नाही. ते त्याचं कामच नाही.

विजेचा हा विषय मावळाला नवा नाही. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू केलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. कान्हे फाट्यावरून टाकव्यामार्गे आत गेल्यावर आंदर मावळात जे ठोकरवाडी धरण लागतं, त्याच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीचं वीजघर चालतं. म्हणजे इथल्या पाण्यावर मुंबईचे उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले आहेत. आज त्याच मुंबईच्या आसपास, ऐरोली, महापे, रबाळे आणि पनवेल भागात, देशातल्या डेटा सेंटरची सर्वांत मोठी गर्दी आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, आणि बँका, शेअर बाजार तिथेच आहेत, हे त्याचं कारण. पनवेलचं योट्टा कंपनीचं मोठं केंद्र २०२० मध्ये सुरू झालं. पुणेही यात मागे नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं एक राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात क्लाउड सेवा सुरू केली तेव्हा तिचं एक ठिकाण पुणे होतं.

पुणे आणि नवी मुंबई यांच्या मधोमध, महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या कडेला असलेल्या गावांत त्यामुळे जमिनीच्या चौकशा होतील, हे धरून चाला. तुमच्याकडे कुणी ‘डेटा वेअरहाऊस’साठी दहा एकर मागायला आला, तर त्याला डेटा सेंटर म्हणायचं आहे की मालाचं गोदाम, हे लेखी विचारा. डेटा वेअरहाऊसला एक गुंठाही लागत नाही. गोदाम आणि डेटा सेंटर यांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की उत्तरावर तुमच्या गावाचं बरंच काही अवलंबून राहील. गोदामाला रुंद रस्ता, ट्रकना वळायला जागा आणि हमाल लागतात. डेटा सेंटरला उच्चदाबाच्या विजेचे शक्यतो दोन स्वतंत्र पुरवठे, दोन वेगळ्या वाटांनी येणारं फायबर आणि पूररेषेबाहेरची जागा लागते. इंद्रायणीकाठच्या जमिनीबाबत शेवटचा मुद्दा आधी तपासा. नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका, आणि जमिनीचा झोन काय आहे याची चौकशी पीएमआरडीएच्या कार्यालयात स्वतः करा, मध्यस्थाच्या कागदावर विसंबू नका.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्नही ठरवून ठेवावेत. सगळ्यात आधी पाणी. थंडाव्यासाठी बाष्पीभवनाची पद्धत वापरली तर पाणी भरपूर लागतं. बंद चक्राची किंवा हवेवरची पद्धत वापरली तर पाणी वाचतं, पण वीज जास्त लागते. यातली कुठली पद्धत, पाणी कुठून, उन्हाळ्यात किती, हे आकड्यांत मागा. पाण्याच्या प्रश्नावर मावळाने काय सोसलं आहे ते विसरण्यासारखं नाही. पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बौरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. पाणी कुणाचं आणि कुणासाठी, हे आधी बोललं गेलं पाहिजे. त्यानंतर जनरेटर किती, डिझेलचा साठा किती, रात्री आवाज किती. आणि नोकऱ्या. बांधकाम चालू असताना माणसं खूप लागतात, पण इमारत चालू झाली की मोजकी पुरतात. ‘हजारो रोजगार’ असं कुणी सांगितलं तर कायमच्या जागा किती, कुठल्या कामासाठी आणि त्यांतल्या किती स्थानिकांना, हे वेगवेगळं लिहून घ्या. माझ्या मते डेटा सेंटर येऊच नये असं नाही. पण ते गावाला कारखान्यासारखा रोजगार देईल, ही आशा चुकीची आहे.

आता माहितीच्या मांडणीकडे वळू. इथे आणखी एक वस्तू मध्ये येते, ती ओळखली नाही तर घोटाळा होतो. ती म्हणजे रोजच्या कामाचा डेटाबेस. तुमचा सातबारा घ्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. आज या गटाचा मालक कोण, या एका प्रश्नाचं उत्तर ती यंत्रणा झटकन देते, कारण ती त्यासाठीच बांधलेली आहे. तिच्यात रोज असंख्य लोक एकाच वेळी नोंदी करतात आणि प्रत्येक नोंद छोटी असते. पण ‘मावळ तालुक्यात गेल्या दहा वर्षांत भातखाचरांची किती जमीन एनए (बिगरशेती) झाली, गावागावाने आणि वर्षावर्षाने’, असं विचारलं तर गोष्ट वेगळी होते. त्यासाठी जुन्या नोंदी, पीकपाहणी आणि एनए आदेश एका सांध्यात आणावे लागतात. गावांची नावं सगळीकडे एकसारखी लिहावी लागतात, कारण एका कागदावर ‘टाकवे’ आणि दुसऱ्यावर ‘टाकवे बुद्रुक’ असेल तर संगणक ती दोन गावं समजतो. असे प्रश्न सोडवायला जी स्वतंत्र रचना करतात, ती डेटा वेअरहाऊस.

या रचनेची ओळख करून देणारं बिल इनमन यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. त्यांनी वेअरहाऊसच्या चार खुणा सांगितल्या. माहिती विभागांनुसार न ठेवता विषयांनुसार ठेवलेली असते. अनेक ठिकाणांहून येऊन एकसारखी केलेली असते. प्रत्येक नोंदीला काळ चिकटलेला असतो. आणि एकदा आत आलेली नोंद पुसली जात नाही. यातल्या शेवटच्या दोन खुणा मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण आपल्याकडचे बहुतेक व्यवहार नेमके तिथेच फसतात. नवा दर आला की जुन्या दरावर लिहायची आपली सवय आहे.

ही शिस्त संगणकाआधीपासून आपल्या शेजारीच पाळली गेली आहे. कान्ह्याच्या शेजारच्या वडगाव मावळ इथे राहुरी कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ तिथलाच. भाताचं वाण एका हंगामाच्या पिकावरून ठरत नाही. कुठल्या खाचरात कुठलं वाण, लावणी कधी, पाऊस किती, रोग कुठला, उतारा किती, अशा नोंदी हंगामामागून हंगाम एकाच पद्धतीने ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे दोन वाणांची तुलना खरी होते. एका वर्षी किलोत आणि दुसऱ्या वर्षी पोत्यांत मोजलं तर सगळी मेहनत वाया.

दुसरं उदाहरण पुण्याचं. भारतीय हवामान विभागाचं राष्ट्रीय डेटा केंद्र १९७७ पासून पुण्यात आहे. देशभरच्या वेधशाळांच्या नोंदी तिथे येतात, त्यांतल्या चुका तपासल्या जातात, त्या जतन होतात आणि मागणाऱ्याला पुरवल्या जातात. नावात केंद्र असलं तरी त्याचं मोल तिथल्या इमारतीत नाही, तपासून लावलेल्या दीर्घकाळच्या नोंदींत आहे. संगणक बदलले, इमारत बदलली तरी त्या नोंदी उपयोगी पडतील. तपासणी सोडून दिली, तर कितीही महागडे सर्व्हर घेतले तरी त्या नोंदींवर कुणी विसंबणार नाही.

आता कान्हे-टाकवे रस्त्यावरच्या एखाद्या लहान प्रेस शॉपची कल्पना करू. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणारं. बिलं आणि चलनं टॅलीत आहेत. हजेरी बायोमेट्रिक मशीनमध्ये. कुठल्या प्रेसवर किती नग निघाले ते शिफ्टच्या वहीत. रिजेक्शनची यादी क्वालिटीवाल्याच्या एक्सेल फाइलमध्ये. डायची देखभाल केव्हा झाली ते टूल रूमच्या फोरमनच्या डोक्यात. मालकाचा प्रश्न साधा आहे: रिजेक्शन का वाढतंय? पण उत्तर एकाही ठिकाणी नाही. कॉइल खराब आली का, डाय झिजली का, रात्रपाळीत सेटिंग हलतं का, हे कळायला पाचही ठिकाणची माहिती एका ओळीत यावी लागते.

वेअरहाऊस उभारायचं म्हणजे ही ओळ ठरवायची. सगळ्यात आधी एक निर्णय घ्या: एक ओळ म्हणजे काय? माझा सल्ला असा की एक तारीख, एक शिफ्ट, एक मशीन, एक पार्ट आणि एक कॉइल मिळून एक ओळ. त्या ओळीत आकडे फक्त मोजकेच: किती नग काढले, किती रिजेक्ट झाले, किती रिवर्कला गेले, मशीन किती मिनिटं बंद होतं. याला फॅक्ट टेबल म्हणतात. मग पार्ट, मशीन, डाय, कॉइलचा पुरवठादार, ऑपरेटर यांच्या स्वतंत्र याद्या, त्यांना डायमेन्शन टेबल म्हणतात. प्रश्न विचारताना आकडे पहिल्या तक्त्यातून येतात आणि ‘कुणाचे, कुठले, केव्हाचे’ हे बाकीच्या याद्यांतून. बरीच मोठी वेअरहाऊसही याच ढाच्यावर उभी असतात.

खरं कष्टाचं काम याद्या जुळवण्याचं आहे. एकाच पार्टला ग्राहकाचा एक नंबर, तुमचा दुसरा, टॅलीत तिसरं नाव आणि शॉपफ्लोअरवर ‘छोटा ब्रॅकेट’ असं चौथं. ड्रॉइंगची आवृत्ती बदलली की नंबराच्या शेवटी एक अक्षर वाढतं आणि कुणीतरी ते लिहायला विसरतं. ही चार नावं एका खाली एक मांडून एक पक्का नंबर ठरवणं, हे काम सॉफ्टवेअर करत नाही. ते तुमचा सगळ्यात जुना सुपरवायझर आणि अकाउंटंट एकत्र बसून करतात. त्यानंतर रोज रात्री टॅलीतून, हजेरीतून आणि एक्सेलमधून माहिती काढायची, साफ करायची आणि वेअरहाऊसमध्ये भरायची, हे यंत्राकडून करून घेता येतं. याला ईटीएल म्हणतात.

इतिहास जपण्याची एक बारीक युक्ती सांगतो. जानेवारीत एक डाय दुरुस्त होऊन आली तर यादीतली जुनी नोंद बदलू नका. तिला ‘अमुक तारखेपर्यंत’ असा शेवट द्या आणि त्याच डायची नवी नोंद ‘अमुक तारखेपासून’ म्हणून सुरू करा. तसं केलं तरच दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं रिजेक्शन वेगळं दिसेल. पार्टचा दर, पुरवठादार, ऑपरेटरचं मशीन, सगळ्यांना हाच नियम. ऑपरेटरचं नाव न टाकता टोकन नंबर टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कामगारांची वैयक्तिक माहिती गरजेपुरतीच ठेवावी हे बरं, आणि रिजेक्शनचा तक्ता माणसं पकडायला वापरला तर शॉपफ्लोअरवरून खरे आकडे येणंच बंद होईल.

हे सगळं करायला काय विकत घ्यावं लागतं? सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळतो, पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्तीही. चांगला संगणक, यूपीएस आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येणारा एक मुलगा किंवा मुलगी एवढं पुरेसं आहे. माहिती वाढली, दोन-तीन प्लांट झाले, की भाड्याच्या वेअरहाऊसकडे जा: गुगलचं बिगक्वेरी, अॅमेझॉनचं रेडशिफ्ट किंवा स्नोफ्लेक. अॅमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ पासून मुंबईतून मिळते. तेव्हाही तुम्ही डेटा सेंटर विकत घेत नाही. दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला थोडा भाग वापरता. लहान कारखान्याने काचेची सर्व्हर रूम बांधून तिच्यात एसी आणि रॅक बसवण्यावर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मावळातल्या पावसाळ्यात विजा पडतात, वीज ये-जा करते, आणि ती खोली सांभाळायला रात्री कुणी नसतं.

पण भाड्याची जागा घेतली म्हणजे बॅकअपची जबाबदारी संपत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक पूर्ण इमारत जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या कित्येकांची माहिती कायमची गेली. दुसऱ्या शहरात प्रत ठेवणारे काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा उभे राहिले. तुमची एक प्रत पुण्यात असेल तर दुसरी पुण्याबाहेर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडून बघा. जीएसटीची हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर संगणकावरच्या हिशोबवह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणंही बंधनकारक आहे.

कोर्स निवडणाऱ्या मुलामुलींसाठी थोडक्यात. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा रेफ्रिजरेशन झालं असेल तर डेटा सेंटरची दिशा धरा. उच्चदाबाची वीज, जनरेटर, चिलर आणि नेटवर्क केबलिंग हे तिथलं काम, आणि ते पाळ्यांमध्ये चालतं. बीकॉम, बीएस्सी किंवा बीसीए असेल तर वेअरहाऊसकडे या. एसक्यूएल पक्कं करा, मग माहितीची मांडणी, मग पायथन. टॅली येणाऱ्या बीकॉमच्या मुलीला मी विशेष सांगेन: व्हाउचर, क्रेडिट नोट, मालाचा साठा म्हणजे काय हे तुला आधीच माहीत आहे, नुसत्या कोडिंगवाल्याला ते शिकायला वेळ लागतो. स्वयम पोर्टलवर डेटाबेसचे चांगले अभ्यासक्रम फुकट आहेत, आधी ते पुरे करून पाहा. कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागा. त्यात यूपीएस आणि कूलिंग असेल तर तो डेटा सेंटरचा, एसक्यूएल आणि ईटीएल असेल तर वेअरहाऊसचा. दोन्ही तीन महिन्यांत शिकवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि वर्कशॉपच्या मालकांनो, पार्ट नंबरची ती एक यादी या महिन्यात पुरी करा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला त्यानंतर बोलवा, आणि तुमचा एक खरा प्रश्न, तुमच्याच मागच्या वर्षभराच्या आकड्यांवर, त्याने तुमच्यासमोर सोडवून दाखवल्याशिवाय चेक फाडू नका.